यकृत परत वाढतं, असं मी माइकवर सांगितलं

विज्ञान महोत्सवाची बैठक चालू असताना मी चहा प्यायला बाहेर गेलो, तिथून हे सगळं सुरू झालं. आमच्या शाळेत बैठकीचा एक साधा नियम आहे. जो खोलीत नसतो त्याला काम मिळतं. मी तोंड पुसत परत आलो तोवर परभणीच्या महोत्सवात मानवतच्या आमच्या शाळेचा स्टॉल ठरला होता, ‘पुनर्निर्मिती : निसर्गात आणि आरोग्यात’ असा विषय ठरला होता, आणि तो कुणी सांभाळायचा हेही ठरलं होतं. चित्रकलेचे सर माझ्याकडं बघून हसले. हसले म्हणून मी त्यांनाही सोबत ओढलं.

“पुनर्निर्मिती म्हणजे नेमकं काय हो सर?” त्यांनी विचारलं.

“तुटलेलं परत उगवणं. पालीचं शेपूट.”

“मग पाल धरायची?”

“तुम्ही धरणार असाल तर धरा.”

पाल रद्द झाली.

विषय मला मनातून आवडला होता. कारण घरी त्या दिवसांत दुसरं काही डोक्यात नव्हतंच. माझा थोरला भाऊ पेडगावला आमची शेती बघतो. त्याला आम्ही दादा म्हणतो. तो दिवाळीपासून पिवळा पडत चालला होता. आयुष्यात त्यानं दारूचा थेंब घेतला नाही, सुपारीसुद्धा नाही. कधीकाळी कुठल्या तरी सुईतून आलेली कावीळ वर्षानुवर्षं आत गुपचूप बसून राहिली, असं परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं. आता यकृतात सगळे वणच वण झालेत. औषधानं थोडं पुढं ढकलता येईल, पण खरा इलाज एकच, यकृत बदलणं.

मोटारीचा बुश गेला की बदलतात, पण यकृत कुठून आणायचं? कुणीतरी वारलं पाहिजे, त्याच्या घरच्यांनी हो म्हटलं पाहिजे, आणि तोवर आपला माणूस टिकला पाहिजे. मला एवढंच माहीत होतं. बाकीच्यांचं ठीक आहे, मी विज्ञानाचा शिक्षक, आणि मलाही एवढंच माहीत होतं.

तर स्टॉल. पानफुटीची पानं मातीच्या ताटलीत नुसती ठेवून दिली, कडेकडेनं त्यांना बारकी रोपं फुटली होती. शेजारी सुतळीला टांगलेली गुळवेल. ती मातीशिवाय, पाण्याशिवायही हवेत कोंब काढते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तरी मी खाली चार ओळींची पाटी लावली. आणि मधोमध माझा हुकमी एक्का, गांडूळ. गांडूळ कापलं की दोन गांडुळं होतात, असं मी नोकरीला लागल्यापासून पोरांना सांगत आलो होतो. परीक्षेत विचारलं होतं, मार्क दिले होते. कापून बघायची वेळ कधी आली नव्हती. आदल्या दिवशी ओल्या मातीच्या ट्रेमध्ये गांडुळं घेतली, दाढीच्या पात्यानं मधोमध कापली, आणि चित्रकलेच्या सरांकडून रंगीत पाटी करून घेतली, ‘एकाचे दोन!’

सकाळी मंडपात ट्रे उघडला तर सगळे तुकडे निपचित. वासही यायला लागला होता.

चित्रकलेच्या सरांनी ब्रश बाहेर काढला. “पाटी बदलू का? एकाचं शून्य?”

“गप बसा. झोपलीत म्हणून सांगू.”

दिवसभर मी लोकांना ती झोपलीत म्हणून सांगितलं. एका मावशींनी नाकाला पदर लावून विचारलं, “उठतेत कदी?” मी म्हटलं, संध्याकाळी. संध्याकाळपर्यंत मावशी थांबणार नाहीत, असा माझा हिशेब होता.

गुळवेलीचं वेगळंच झालं. येणारा प्रत्येक माणूस पाटी न वाचता वेलीकडं हात घालायचा. “काढ्याला बरी हाय,” म्हणत बोटभर तुकडा मोडायचा आणि खिशात टाकायचा. जेवणाच्या सुमाराला सुतळीला नुसत्या गाठी राहिल्या होत्या. त्या गाठींना काही कोंब फुटले नाहीत.

दादा त्या दिवशी तपासणीला परभणीत आला होता. सोबत वहिनी, आणि गावचे माजी सरपंच, कारण जीप त्यांची होती. दवाखान्यातून निघून ते तिघं सरळ मंडपात आले. दादा खंगला होता. पोट तेवढं पुढं आलेलं. थंडी फारशी नव्हती तरी गळ्याभोवती उपरणं घट्ट गुंडाळलेलं. त्यानं टांगलेली सुतळी बघितली, मेलेली गांडुळं बघितली, मग मला बघितलं.

“मास्तर, काय विकायलास?”

“विकत नाही दादा, दाखवतोय.”

“मग बरं हाय. घेतलं नसतं कुणी.”

समोर गर्दी जमली होती, आणि गर्दी जमली की माझी जीभ जाग्यावर राहत नाही. स्टॉलवर माझा आणखी एक नग होता. काविळीची माळ. आमच्या भागात ती घरोघर ठाऊक आहे. कावीळ झालेल्याला जाणती माणसं वनस्पतीच्या काड्यांची इवलीशी माळ ओवून देतात, डोक्यावर मुकुटासारखी ठेवायची. रोज ती थोडी लांबते, कपाळावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर, छातीवरून पोटावर. माळ उतरली की कावीळ उतरली. मग ती वाहत्या पाण्यात सोडायची. मी तसलीच एक माळ घरी बनवली होती आणि आठवडाभर भिंतीतल्या खिळ्याला अडकवून ठेवली होती. ती लांबत लांबत चांगली हातभर झाली होती.

“बघा,” मी माळ वर धरून म्हणालो, “ओल्या काड्या वाळल्या की बारीक होतात. काडी बारीक झाली की फास सैल पडतो. फास सैल पडला की माळ लांबते. माणसाच्या डोक्यावर लांबते, तशीच खिळ्यावर लांबली. आता मला सांगा मंडळी, खिळ्याला कावीळ झाली होती का?”

मंडप खदाखदा हसला. माझे असे विनोद फार कमी वेळा लागतात, म्हणून मी तो आणखी एकदा केला. माजी सरपंच मांडीवर थाप मारून हसले. दादाही हसला. वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. मला वाटलं, उभं राहून पाय दुखले असतील.

जेवायला आम्ही स्टॉलच्या मागं सतरंजीवर बसलो. वहिनींनी डबा सोडला. दादानं घास घ्यायच्या आधी उपरणं काढून बाजूला ठेवलं. त्याच्या गळ्यात माळ होती. छातीच्या पार खाली आलेली.



“पोटावर आली की उतरली म्हणायची, असं माळ देणाऱ्या बाईनं सांगितलं होतं,” दादा म्हणाला. आवाजात राग नव्हता. मला म्हशीची किंमत सांगावी तसा सांगत होता. “तुझं खरं हाय. खिळ्याला कशाची व्हईल कावीळ.”

“दादा, मला काय माहीत तुझ्या गळ्यात...”

“माहीत असतं तर बोलला नसतास का?”

मी विचार केला. बोललो असतो, पण हळू आवाजात.

त्यानं माळ डोक्यावरून काढली आणि माझ्याकडं दिली. “ठिव तुझ्यापाशी. एक खिळ्याची, एक माणसाची. लोकास्नी दाखवायला बरं.”

वहिनी भाकरी मोडत खाली बघत होत्या. त्या कधी माझ्याशी चढ्या आवाजात बोलल्या नाहीत, तेव्हाही नाही. “भावजी, तुमी ती काढायला लावलीत. लय लांबून आणली होती मी. आता दुसरं काय तरी सांगा. तुमी शिकलेले हाव.”

आता दुसरं काय सांगायचं? ठेचा तोंडात होता, म्हणून मला काही बोलता आलं नाही. ठेचा नसता तरी आलं नसतं.

दुपारी प्रत्येक स्टॉलनं स्टेजवर येऊन पाच मिनिटं बोलायचं होतं. आमच्याकडं त्यासाठी यकृताचं मॉडेल होतं. चित्रकलेच्या सरांनी थर्माकोलचं केलेलं, विटकरी रंगाचं, चांगलं परातीएवढं. त्याचा मोठा भाग काढून घेता यायचा आणि त्या जागी आत दडवलेला फुगा टेबलाखालून सायकलच्या पंपानं फुगवला की यकृत परत पहिल्याएवढं दिसायचं. सकाळपासून आमचं काही चाललं नव्हतं. हे चाललं. सर खाली बसून पंप मारायला लागले, आणि लोकांच्या डोळ्यांदेखत ते लाल पोट हळूहळू वर आलं, भरलं, जागेवर बसलं. टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत दादा आणि वहिनी बसले होते. वहिनींनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण त्या पुढं झुकून बघत होत्या, मान उंच करून, जशी एस.टी. लांबून येताना दिसली की माणसं बघतात.

मला ते बघून चेव आला. त्यांनी मागितलं होतं ना दुसरं काहीतरी, मग हे घ्या. पोस्टरवरचा मजकूर मी एका पुस्तकातून चित्रकलेच्या सरांना उतरवून दिला होता. उतरवताना नीट वाचलाच नव्हता, परीक्षेच्या पेपरांसारखा. आता माइकवर तोच खड्या आवाजात वाचत सुटलो. “यकृत हा शरीरातला असा अवयव आहे, की तो कापला तरी परत वाढतो! अर्ध्याहून जास्त काढून घेतलं तरी थोड्याच महिन्यांत पहिल्याएवढा होतो! म्हणूनच जिवंत माणूससुद्धा यकृत देऊ शकतो! देणाऱ्याचं कायमचं काही जात नाही! आई मुलाला देऊ शकते, नवरा बायकोला देऊ शकतो, सख्खा भाऊ सख्ख्या भावाला...”

इथं मी थांबलो.

म्हणजे मी काय वाचतोय ते मला त्या शब्दापाशी समजलं. माइक चालू होता. माझा श्वास सगळ्या मंडपाला ऐकू जात होता. टेबलाखाली सर अजून पंप मारत होते, त्यांना वाटलं मी फुग्यासाठी थांबलोय.

दादानं माझ्याकडं बघितलं नाही. तो उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत होता. वहिनी मात्र सरळ माझ्याकडं बघत होत्या. आणि माजी सरपंच उभे राहिले.

“अहो गुरुजी!” त्यांना माइकची गरज नसते. “मग द्या की दादाला! तुमचं काय जायलंय?”

सगळा मंडप माझ्याकडं वळला. मी बोललो, “देणार. देणारच आहे.” खोटं नव्हतं ते. त्या क्षणी खरंच द्यायचं होतं. पण त्या क्षणी कुणी माझी किडनी आणि मोटारसायकलही मागितली असती तर मी दोन्ही दिली असती.

यापुढं जे झालं ते आमच्याच जिल्ह्यात होऊ शकतं. आमच्याकडं माणूस काही करो न करो, त्याचा सत्कार आधी होतो. पाहुण्यांसाठी आणलेल्या शालींतली एक शिल्लक होती. माजी सरपंच ती घेऊन स्टेजवर चढले. नारळही कुठून तरी आला. “भावासाठी काळीज कापून देणारा गुरुजी!” त्यांनी घोषणा केली. चित्रकलेचे सर टेबलाखालून हळूच म्हणाले, “काळीज नाही, यकृत.” पण तेवढ्यात मी शालीत होतो. फोटो निघाले. त्या फोटोत माझ्या मागं फुगलेलं यकृत दिसतं, आणि मी हसतोय.

आठवडा उलटायच्या आत पेडगावच्या फाट्यावर फ्लेक्स लागला. माझा शालीतला फोटो, दादाचा जत्रेतला जुना फोटो, मध्ये पेटती समई, आणि खाली शुभेच्छुक म्हणून माजी सरपंचांसह निम्म्या गावाचे चेहरे. ‘आधुनिक लक्ष्मण.’ अजून माझ्या रक्ताचा एक थेंबही कुणी तपासला नव्हता.

माझी बायको त्या फ्लेक्सखालून माझ्यासोबत गाडीवरून गेली. घरी येऊन ती पाणी प्यायली, तिनं पेला पालथा ठेवला आणि म्हणाली, “दादांना द्यायचं तर द्या. मी न्हाई म्हणणार न्हाई, म्हणूच शकत न्हाई. पण त्या स्टेजवर मला कुणी विचारलं व्हतं का?”

“मलाही कुणी विचारलं नव्हतं,” मी म्हणालो. ती हसली नाही.

यकृत द्यायला दुसरं कुणी नव्हतंच. वहिनींना साखर. त्यांची एकुलती लेक बाळंत होऊन माहेरी आलेली. राहता राहिलो मी. खर्चाचं दादानं एका वाक्यात मिटवलं, “रान कशाला हाय मग?” आणि वहिनींनी त्या दिवसापासून घरात माझ्याशी वेगळं वागायला सुरुवात केली. मी गेलो की बसायला चादर बदलायच्या. मला शिंक आली तरी हातातलं काम टाकून यायच्या.

आम्ही हैदराबादला गेलो. परभणीचे लोक मोठ्या आजाराला तिकडंच जातात, आजोबांच्या काळापासूनची सवय. तिथल्या दवाखान्यात रक्त घेतलं, गट जुळला. वहिनींनी बाकड्यावरच हात जोडले. मग मला त्या मोठ्या गोल यंत्रात सरकवलं, श्वास रोखा, सोडा. दुसऱ्या दिवशी एका बाईंनी आम्हाला आत बोलावलं. हिंदी त्यांची आमच्या ओळखीची होती, गोड.

“सर, आपके जिगर में चर्बी बहुत है. डॉक्टर साब अब्बी नक्को बोल रहे.”

“चर्बी म्हणजे किती?” मी मराठीतच विचारलं.

त्यांनी हातानं दाखवलं. माझ्यापेक्षा माझ्या पोटाकडं बघून दाखवलं.

मला दारूची सवय नाही, कसलंच व्यसन नाही. माझं व्यसन म्हणजे मानवतच्या बसस्टँडसमोरची भजी, लग्नाच्या पंगतीतली बुंदी, आणि शाळेतून आल्यावर वर्तमानपत्र वाचता वाचता संपणारा चिवडा. लोकांचं शरीर कसं चालतं ते मी फळ्यावर काढून दाखवत होतो आणि माझं आत तुपात लोळत होतं. असं यकृत कापलं तर ते परत नीट वाढायचं नाही, मलाही धोका आणि दादालाही. वजन उतरवा, काही महिन्यांनी परत या, मग बघू, असं ठरलं.

बाहेर आल्यावर दादा म्हणाला, “मास्तर, मी इतकी वर्षं राबून पोट आत ठिवलं तर माझं खराब. तू खाऊन खाऊन वाढवलंस तर तुझंबी खराब. मग जगात चांगलं कुणाचं हाय म्हणायचं?”

“सरपंचांचं असेल.”

“त्यास्नी न्हाईच यकृत. त्या जागी भोंगा हाय.”

आम्ही दोघं त्या दवाखान्याच्या पायरीवर एवढं हसलो, की एका पहारेकऱ्यानं येऊन काय झालं म्हणून विचारलं. ते आमचं शेवटचं मनसोक्त हसणं. तेव्हा माहीत नव्हतं, नाही तर थोडं पुरवून हसलो असतो.

मग माझं चालणं सुरू झालं. रोज पहाटे कॅनॉलच्या कडेनं. सुरुवातीला धाप लागायची, मग कुत्री मागं लागायची, मग लोक मागं लागायला लागले. फ्लेक्स सगळ्यांनी बघितला होता. डेअरीवर जाणारा माणूस गाडी थांबवून विचारायचा, “गुरुजी, कापलं का?”

“अजून न्हाई.”

“का हो?”

आता त्याला रस्त्यात उभं राहून माझी चर्बी सांगायची. मी सांगायचो, तारीख मिळाली नाही. तोही पुढं जाऊन दुसऱ्याला सांगायचा, की गुरुजी मागं सरले.

भज्याच्या हॉटेलवाल्यानं तर हद्द केली. एकदा रविवारी मी नुसता वास घ्यायला थांबलो. खरंच नुसता वास. त्यानं झारा हातात धरून मला हाकललं. “सर, न्हाई मिळणार. तुमचं यकृत आता तुमचं न्हाई राह्यलं, दादाचं हाय. त्यांच्या मालाला मी तेल लावणार न्हाई.”

मला त्याचा राग आला, आणि त्या रागात मी घरापर्यंत ताडताड चालत गेलो, म्हणजे त्याचा फायदाच झाला.

वजन उतरत गेलं. शर्ट सैल झाले. शाळेत मुख्याध्यापकांनी काळजीनं विचारलं, साखर तर नाही ना? पेडगावला गेलो की वहिनी मला आधी दारात उभं करून बघायच्या, बाजारात बैल बघावा तसं, चारी बाजूंनी. “उतरलं, भावजी,” म्हणायच्या. “अजून थोडं.” मग त्यांच्या हाताखालचं कोरडं जेवण. भाकरी, वरणाचं पाणी, काकडी. मी जेवायचो आणि पलीकडं बाजेवर दादा मला बघत पडलेला असायचा.

दादाचं मात्र माझ्या उलट चाललं होतं. माझं पोट जात होतं, त्याचं भरत होतं. डॉक्टर सुईनं पाणी काढायचे, दहा-बारा दिवसांत ते परत भरायचं. निसर्गात आणि आरोग्यात जे जे परत येतं त्यात पाणीही असतं, हे माझ्या पोस्टरवर नव्हतं. पाय सुजले. मिठाशिवाय जेवून जेवून त्याच्या तोंडाची चव गेली. मग दिवसाही झोपायला लागला. एकदा मी जाऊन बसलो तर डोळे उघडून म्हणाला, “मास्तर, मोटार बंद केली का?” पाण्याची मोटार गेल्या पंधरवड्यापासून बंद होती, रानात ऊसच उरला नव्हता. मी म्हटलं, केली. त्याला बरं वाटलं. थोड्या वेळानं परत विचारलं. मी परत केली.

उन्हाळा सरता सरता त्याला ताप आला. पोटातल्या पाण्यातच दोष झाला म्हणाले. परभणीच्या दवाखान्यात ठेवलं. ताप उतरला, दादाला घरी आणलं, पण तापासोबत जे गेलं ते परत आलं नाही. किडन्यांनीही मान टाकायला सुरुवात केली. मी हैदराबादला कागद दाखवायला एकटाच गेलो. सोबत दादाचे रिपोर्ट आणि माझं नवीन पोट.

त्यांनी मला परत त्याच यंत्रात घातलं. डॉक्टर वयानं माझ्यापेक्षा लहान. त्यांनी आधी माझा कागद बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. चर्बी जवळजवळ सगळी गेली होती. फार थोडे लोक हे करू शकतात म्हणाले. यकृत असंच असतं, त्याला संधी दिली की ते स्वतःला नीट करतं. मी मान हलवली. वर्गातला हुशार मुलगा झाल्यासारखं वाटलं, आयुष्यात पहिल्यांदाच.

मग त्यांनी दादाचे कागद उघडले. पानं उलटताना ते हळू झाले. परत पहिल्या पानावर आले. “भाऊ आता कुठं आहेत?” विचारलं. मी म्हणालो, घरी. ते म्हणाले, त्यांना घरीच राहू द्या. आता ऑपरेशन केलं तर टेबलावरच जातील ते. सहा महिन्यांपूर्वी झालं असतं तर, म्हणाले, आणि कागद मिटले. मी खुर्चीतून उठलो, पँट कमरेवरून घसरत होती, ती एका हातानं धरून बाहेर आलो.

पिंगळीला गाडी क्रॉसिंगला थांबली तेव्हा मी खिडकीतून बघत बसलो. आता परभणी, मग पेडगाव, मग दार. काय सांगायचं याची मी तयारी करत होतो. माझ्याकडं नेहमी काहीतरी असतं, एखादा विनोद, एखादी सबब, झोपलीत म्हणून सांगायला गांडुळं. तेवढ्या वेळात एकही जमलं नाही.

फाट्यावरचा फ्लेक्स कुणीतरी काढून नेला होता. पुढं एका घराच्या गोठ्यावर पत्र्याच्या जागी आमची दोघांची तोंडं उलटी दिसली, मध्ये समई. पाऊस अडवायला चांगलाच असतो तो कपडा.

वहिनी दारात आल्या. मला बघितलं, पण चारी बाजूंनी नाही. नुसतं तोंड बघितलं आणि आत गेल्या. मला काही सांगावंच लागलं नाही. दादा झोपलेला होता. मी त्याच्या उशाला बसलो. त्याचे डोळे अर्धे उघडे होते, पिवळे जर्द. हाक मारली तर ओठ हलले. काय म्हणाला कळलं नाही. मी म्हटलं, “केली दादा, बंद केली.” अंदाजानंच.

“जेवून घ्या,” वहिनी आतून म्हणाल्या.

मी चुलीपुढं बसलो. त्यांनी ताट वाढलं. दोन भाकऱ्या, कारळाची चटणी, कांदा. मग उठून फळीवरची करडईच्या तेलाची बरणी काढली. झाकण उघडलं तसा वास घरभर झाला. मी ताटावर हात आडवा धरला.

“आता कशाला कोरडं खाता, भावजी,” त्या म्हणाल्या.

मी हात काढला नाही. त्यांनी बरणी कलती केली. तेल माझ्या बोटांवरून चटणीत उतरलं.